ढोरं कुठी गेली?

माझी पुतणी पुण्यातल्या एका प्रवास कंपनीत नोकरीला आहे, पण काम गावातूनच करते. भावाची तब्येत बिघडली तेव्हा ती इकडे आली आणि इथेच राहिली. रेंज मिळते ती ओट्याच्या उगवतीकडच्या कोपऱ्यात, म्हणून तिचं ऑफिसही तिथेच. प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर लॅपटॉप, बाजूला सुपात निवडायला ठेवलेली तूर. तिथे बसून ती पैसेवाल्या लोकांच्या गोल्फच्या सहली बांधते. आषाढातल्या एका संध्याकाळी लाइन गेली होती. अंगण अंधारत होतं आणि स्क्रीनचा उजेड तेवढा तिच्या चेहऱ्यावर पडला होता. गायकी बाबा गावची ढोरं चारून परतले होते. घरोघरची जनावरं आपापल्या दारात वळली की ते आमच्याकडे पाणी प्यायला टेकतात. हा रिवाज माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचा. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि त्यांची नजर फोटोवर गेली. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्स या गोल्फच्या मैदानाचा फोटो. उंचसखल हिरवा माळ, त्यावर तिरपं ऊन, पलीकडे करडा समुद्र.

"हे कुठचं व माय?"

"स्कॉटलंडचं, बाबा. समुद्राच्या काठचं मैदान आहे. इथं खेळायला लोक लाखो रुपये खर्च करून जातात."

बाबा आणखी जवळ झुकले. पैशाचं त्यांनी काही विचारलं नाही. "गवत चरेल हाय," ते म्हणाले. "हे तं आपल्या ई-क्लासावानीच दिसते. मंग ढोरं कुठी गेली?"

ई-क्लास म्हणजे आमच्या गावाचं गायरान, ढोरं चारायची जागा. त्या मैदानावर ढोरं नसतात, गवत मशीननं कापतात, असं पुतणीनं सांगितलं. बाबांनी मान हलवली, काठी उचलली आणि निघाले.

प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला.

राहिला, कारण बाबांनी फोटो बरोबर वाचला होता. जिल्हा परिषदेच्या शाळांत मी भूगोल शिकवला, पण एखाद्या जमिनीकडे बघून तिचा भूतकाळ सांगावा ही नजर पुस्तकानं येत नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची ती जमीन अशी झाली: हिमयुग सरलं, समुद्र मागे हटला, मागे राहिलेल्या वाळूचे वाऱ्यानं उंचवटे केले आणि त्यांवर काटक, बारीक पात्याचं गवत धरलं. नांगर घालावा तर पीक येत नाही. पाणी पडलं की वाळूतून खाली निघून जातं. शेतकऱ्यानं ती जमीन सोडली आणि सोडली म्हणूनच ती सगळ्यांची झाली. मेंढ्या चरल्या, सशांनी कुरतडली, गवत जमिनीसरसं राहिलं आणि त्या आखूड गवतावर गावची माणसं काठीनं चेंडू मारायला लागली. चेंडू जिथे रुततो ते वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, ओल्ड कोर्सवर ११२ आहेत; त्यांतले कितीतरी वाऱ्याला आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी बसून बसून केले असं तिथले लोक मानतात. शेवटच्या टप्प्यावर स्विल्कन नावाचा लहानसा ओढा लागतो, त्यावर चार पावलांत ओलांडता येईल एवढा दगडी पूल आहे. जगातले मोठे खेळाडू त्या पुलावर थांबून खेळाचा निरोप घेतात. २००५ साली जॅक निकलसनं तिथूनच लोकांना हात केला होता. हा पूल सातशे वर्षांपूर्वीचा आहे असं सांगतात, आणि तो बांधला होता मेंढपाळांना जनावरं पलीकडे न्यायला.

ढोरं त्या पुलावरून गेली होती.

आमचं ई-क्लास गावाच्या मावळतीला आहे. लहानपणी सकाळ व्हायची ती आखरावर जमणाऱ्या ढोरांच्या आवाजानं. लाकडी घंटांचा खडखडाट, एखाद्या नव्या वासराचं हंबरणं, बाबांच्या वडिलांची लांबवर जाणारी हाळी. मग सगळा कळप धूळ उडवत निघायचा आणि मागे टोपल्या घेतलेल्या बायका, शेणाचे पो उचलत. ताज्या शेणाचा तो ऊबदार वास आणि मृगाच्या पहिल्या पाण्याचा वास माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेले आहेत, वेगळे करता येत नाहीत. जमीन मुरमाड. कुदळ मारली की ठिणगी उडावी अशी. काळ्या जमिनीत कपाशी आणि तूर, तर इथे पळस, बोरी, हिवर आणि मधल्या मोकळ्या जागेत गवत. श्रावणात ते पोटरीला लागायचं. मारवेल, पवन्या, कुंदा, आणि कार्तिक लागला की कुसळ, जे धोतरात शिरलं की घरी येईपर्यंत टोचत राहायचं. तिथेच आम्ही गिल्लीदांडू खेळायचो. गिल्ली पडेल तिथून पुढचा टोला, तिथून पुढचा, असं करत थेट नाल्यापर्यंत. मैदानाला हद्द नव्हती. कोणाच्या बापाची जमीन आहे हा विचार कोणाच्याच मनात यायचा नाही.

त्याच जमिनीवर पोळा भरायचा. तोरणाखाली बैल उभे राहायचे, शिंगांना हिंगूळ लावलेला, पाठीवर झुली. मेलेलं जनावर टाकायची जागा त्याच जमिनीच्या दूरच्या टोकाला. फिरस्त्यांची पालं पडायची तीही तिथेच. त्यांच्या कोंबड्या आणि आमची कुत्री यांचं महिनाभर युद्ध चालायचं. लग्नाचा मांडव मोठा असला की पंगत तिथे. एका जमिनीचे किती उपयोग, आणि त्यातला एकही पिकाचा नाही.

पुतणीचं त्या सहलीचं काम मी मग रोजच बघायला लागलो. चार जणांचा गट होता, सगळे पुण्या-मुंबईकडचे कारखानदार. टर्नबेरीपासून सुरुवात, जिथे किनाऱ्यावर १८७३ सालचं दीपगृह आहे आणि ते रॉबर्ट द ब्रूस या राजाच्या किल्ल्याच्या अवशेषांवर उभं आहे. मग ट्रून, मग प्रेस्टविक. १७ ऑक्टोबर १८६० ला ओपन ही गोल्फची नावाजलेली स्पर्धा पहिल्यांदा झाली ती प्रेस्टविकला. खेळाडू होते अवघे आठ, मैदान बारा भोकांचं, एका दिवसात तीन फेऱ्या, बक्षीस लाल चामड्याचा पट्टा. रोख रक्कम काही नाही. पुढे म्युअरफील्ड, सेंट अँड्र्यूज, कार्नुस्टी आणि शेवटी पार उत्तरेला डॉर्नॉख. प्रत्येक मुक्कामाचं हॉटेल, प्रत्येक सकाळची गाडी, प्रत्येकाच्या हँडिकॅपचं, म्हणजे खेळातल्या पातळीच्या आकड्याचं, प्रमाणपत्र, पिशवी उचलायला कॅडी, कोणाला जैन जेवण, कोणाला गुडघ्याचा त्रास. ती हे सगळं कमालीचा जीव लावून करते. रात्री साडेदहाला स्कॉटलंडच्या कोणाशी तरी इंग्रजीत बोलताना तिचा आवाज ऐकला की मला तिचा अभिमान वाटतो. म्युअरफील्डच्या क्लबनं बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते २०१७ साली, त्याच्या आदल्या वर्षी तर मतदानात तो ठराव पडला होता. हे तिनंच मला सांगितलं, बुकिंगचा फॉर्म भरता भरता, मान वर न करता.

"आणि सेंट अँड्र्यूजला १८६७ पासून बायकांचा स्वतःचा क्लब आहे, मोठे बाबा. त्यांच्या हिरवळीचं नाव काय माहीत आहे? हिमालय. इतके उंचवटे आहेत तिच्यात. तिथे कोणीही जाऊन थोड्या पैशांत खेळू शकतं."

तिला सगळ्यात मोठी काळजी होती ती ओल्ड कोर्सची. तिथे नुसते पैसे असून भागत नाही. उन्हाळ्यातल्या एका फेरीची फी ३०० पौंडांच्या वर, म्हणजे तीस हजार रुपयांच्या पुढे, ती तर द्यायचीच. पण खेळायला मिळेल की नाही हे बऱ्याच जणांसाठी चिठ्ठीवर ठरतं. दोन दिवस आधी नाव टाकायचं आणि सोडतीची वाट बघायची. वेळेची हमी देणारी महागडी पॅकेजेस असतात, ती मोजक्या कंपन्यांकडे. पुतणीची कंपनी त्यांत नाही. एकट्या खेळाडूंनी पहाटे जागा मिळावी म्हणून रात्रभर खिडकीपुढे रांग लावायची पद्धतही तिथे वर्षानुवर्षं होती. कापूस खरेदी केंद्रावर गाडीखाली झोपून नंबराची वाट पाहिलेल्या आमच्या गावाला ही रांग समजायला अवघड नाही. बाबांना जनावरामागे महिन्याला जे मिळतं ते या फीशेजारी मांडून दाखवायची माझी इच्छा नाही. ते चार जण आपल्या कमाईचा पैसा खर्चत होते, आणि त्यातल्या एकाचं ओल्ड कोर्सवर एकदा तरी पाय ठेवायचं हे तरुणपणापासूनचं स्वप्न होतं. पंढरीला निघालेल्या माणसाची आस मी घरात पाहिलेली आहे, त्यामुळे दुसऱ्याची ओढ मला हलकी वाटत नाही.

मला खुणावत होतं ते दुसरंच. इतकी महागडी, इतकी नावाजलेली ती जमीन कोणा राजाची नाही, क्लबची नाही, हॉटेलची नाही. ती गावाची आहे.

हे वाचल्यावर मी पुतणीला म्हटलं, याचे कागद मिळतील का बघ. तिनं जे शोधून दिलं ते वाचताना माझी दुपारची झोप गेली. १४५७ साली स्कॉटलंडच्या राजानं, दुसऱ्या जेम्सनं, फुटबॉल आणि गोल्फ दोन्हींवर बंदी घातली, कारण माणसं धनुर्विद्येचा सराव सोडून हेच खेळत बसत. म्हणजे तेव्हाच हा खेळ राजाला डोईजड होण्याइतका पसरला होता. पुढे १५५२ साली तिथल्या आर्चबिशपला त्या माळावर ससे सोडायचे होते. ससे सोडायची परवानगी मिळाली, पण त्याच दस्तात गावकऱ्यांचा हक्कही लिहून ठेवला गेला: गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी आणि इतर सगळे खेळ खेळायचा हक्क. अशी एक एक गोष्ट नाव घेऊन लिहिली, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. नुसतं 'जमीन गावाची' असं म्हटलं असतं तर पुढच्या वकिलानं त्यातून हवी तेवढी वाट काढली असती.

आणि वाट काढायचा प्रयत्न झालाच. १७९७ च्या सुमाराला तिथली नगर परिषद कर्जबाजारी झाली आणि माळ हातचा गेला. सशांचा व्यापार करणारे आले. त्यांनी मैदानभर ससे वाढवले, बिळांनी जमीन पोखरली. गावकरी आणि व्यापारी यांच्यात वीसेक वर्षं कोर्टकचेरी चालली, अंगावर धावून जाण्यापर्यंत मजल गेली. १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदारानं ती जमीन विकत घेतली आणि खेळासाठी राखली. १८९४ ला पार्लमेंटचा कायदा होऊन ती परत गावाच्या ताब्यात आली, आणि १९७४ पासून एक ट्रस्ट तिचा कारभार बघतो. चारशे वर्षांत कर्ज, लिलाव, खटले, सगळं झालं. आमच्या कुठल्याही तहसिलीतल्या फायलीत हेच सापडेल. फरक इतकाच की तिथे लोक रोज त्या जमिनीवर पाय देत राहिले आणि जुना कागद कोणी हरवू दिला नाही.

पाय देत राहिले म्हणजे खरोखरच देत राहिले. ओल्ड कोर्सवर खेळाचे अठरा पट्टे आहेत; त्यांतल्या पहिल्या आणि अठराव्या पट्ट्यातून ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाची सार्वजनिक वाट जाते. समुद्राकडे निघालेलं कोणीही तिच्यावरून चालत जातं आणि खेळाडूंना थांबावं लागतं. स्कॉटलंडच्या जुन्या नियमांत एक नियम असाही होता: चेंडू वाळत घातलेल्या कपड्यांवर पडला तर कपडा खालून ओढून घ्यावा, धुण्याचा टब आड आला तर तो बाजूला सारावा. धुणं धुणाऱ्या बाईला उठवून लावा, असं नियमानं सांगितलं नाही. मला वाटतं, एखाद्या गावाचा समंजसपणा मोजायचा असेल तर तो अशाच ओळीत मोजावा.

रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडले तर त्या दिवशी तिथे खेळ नाही. लोक कुत्री घेऊन फिरतात, मुलं धावतात, म्हातारी माणसं चालतात. टॉम मॉरिस या मैदानाचा राखणदार होता, १८६० च्या दशकात नेमला गेलेला, १९०३ पर्यंत त्या कामावर. खेळाडूंना विश्रांती नको असेल, पण जमिनीला हवी, अशी त्याची भूमिका सांगतात. गवतावर वाळू टाकत राहा, हा त्याचा ध्यास होता. वाळूनं गवत दाट धरतं हे त्यानं अनुभवानं ओळखलं होतं. त्याचा मुलगा, धाकटा टॉम, ओपन स्पर्धा लागोपाठ चार वेळा जिंकला. १८७५ च्या सप्टेंबरात त्या मुलाची बायको बाळंतपणात गेली, बाळही गेलं, आणि नाताळच्या दिवशी चोविसाव्या वर्षी तोही गेला. म्हातारा त्यानंतर तीस वर्षांहून जास्त जगला आणि बहुतेक काळ त्याच माळाची निगा राखत राहिला. त्या काळात त्याला सकाळी उठून मैदानावर जायला काय लागत असेल, याचा मी विचार करतो. घरी बसण्यापेक्षा गवताकडे बघणं त्याला सोपं जात असावं.

हे सगळं मी बाबांना थोडं थोडं करून सांगितलं. पुलाचं सांगितलं तेव्हा ते "हं" म्हणाले, त्यांना ते अपेक्षितच होतं. रविवारचं सांगितलं तेव्हा मात्र खूश झाले.

"बराबर हाय ना गुरुजी. जमिनीलेही दम खाऊ द्या लागते. आमचा बाप टेकडीकडची बाजू दसऱ्यालोक राखे. एक ढोर तिकडं जाऊ देत नोयता. मंग दसऱ्याले सोडलं का दिवाळीलोक ढोराचं पोट कवा खपाटीले जात नोयतं."

पुतणीनं त्यांना एकदा कार्नुस्टीचा व्हिडिओही दाखवला. १९९९ ची ओपन, शेवटचं भोक, फ्रान्सचा जाँ व्हॅन द व्हेल्ड तीन फटक्यांनी पुढे, आणि चेंडू बॅरी नावाच्या ओढ्यात. जोडे-मोजे काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात उतरला आणि चेंडूकडे बघत उभा राहिला. मारू की नको, हे त्याचं ठरत नव्हतं. शेवटी मारला नाही, पण हातचा सामना गेला तो गेलाच. बाबा पाण्यातल्या त्या माणसाकडे बघत राहिले, आणि पुतणीला म्हणाले, पुन्हा लाव. त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. "पोट्टा नाल्यात उतरला पण घाबरला नाई," एवढंच बोलले.

बाबा गोवारी. पिढ्यान्‌पिढ्या गावची ढोरं राखणारे लोक. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधान भवनाजवळच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ गोवारी गेले, त्या मोर्चाला बाबाही गेले होते. परत आले. त्याविषयी ते बोलत नाहीत आणि गावात त्यांना कोणी विचारतही नाही. त्यांची मुलं ढोरांमागे गेली नाहीत; एक सुरतेला आहे, एक ट्रॅक्टर चालवतो. कळपही आटला आहे. पेरणी-मळणी यंत्रानं व्हायला लागली, बैल कमी झाले, गोठ्यांच्या जागी मोटारसायकली उभ्या राहिल्या. ई-क्लासावर आता रायमुनियाची झुडपं माजली आहेत, पावसाळ्यात गाजर गवत. रस्त्याच्या कामाला मुरूम लागला तेव्हा एका बाजूनं जमीन खणून नेली. तिथे आता हिरवट पाण्याचा खड्डा आहे.

जमीन कमी झाली ती नुसत्या हावरटपणानं झाली असं लिहिणं सोपं आहे, पण ते खरं नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, ते ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती त्यांच्यासाठी. गायरानावर भूमिहीनांनी केलेली १९७८ ते १९९० दरम्यानची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय शासनानं १९९१ ला घेतला. आमच्या ई-क्लासाच्या दक्षिणेच्या अंगाला जी शेतं दिसतात ती त्या काळातली. ती वाहणाऱ्या घरांतली मुलं माझ्या वर्गात होती, आणि त्या दोन-तीन एकरांनी त्यांच्या घरात काय बदललं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ती जमीन परत मागावी असं माझ्या मनात कधीही येणार नाही. माझं दुखणं उरलेल्या जमिनीचं आहे. ती कोणाचीच नाही असं समजून वापरली जाते, तिथे माझा जीव तुटतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं पंजाबातल्या एका खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी गावाला परत मिळवून द्या असं सगळ्या राज्यांना बजावलं, त्याच वर्षी आपल्या शासनानंही गायरान वाचवायचा आदेश काढला. कागद झाले. खड्डा मात्र अजून तसाच आहे.

गोल्फ स्वतः निर्दोष आहे असंही मी मानत नाही. त्याच स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, अॅबर्डीनच्या उत्तरेला, डोनाल्ड ट्रम्प यांचं मैदान २०१२ साली सुरू झालं. तिथल्या सरकत्या वाळूच्या टेकड्यांना शास्त्रीय महत्त्वाची जागा म्हणून संरक्षण होतं. मैदान झालं, टेकड्यांचं सरकणं थांबलं, आणि २०२० मध्ये तिथल्या निसर्ग संस्थेनं तो दर्जाच काढून घेतला. खेळ तोच, किनारा तोच, वाळूही तशीच. सेंट अँड्र्यूजला खेळ जमिनीवर हळूहळू उगवला आणि शेजारच्या धुण्याला, मेंढ्यांना, वाटसरूंना सांभाळत राहिला. अॅबर्डीनला तो वरून आणून ठेवला. तिकडे वर्षभराचा पाऊस आमच्या जिल्ह्याहून कमीच, पण बारा महिने थोडा थोडा येणारा. त्या गवताला तो पुरतो. आपल्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात तशी हिरवळ राखायची तर किती बोअर आटवावे लागतील, या विचारानंच माझ्या घशाला कोरड पडते.

पुतणीच्या गिऱ्हाइकांना सोडतीत जागा मिळाली. त्या संध्याकाळी तिनं घरात सगळ्यांना पेढे वाटले. दोन दिवसांनी त्यांच्यातल्या त्या स्वप्नवाल्या गृहस्थांचा फोन आला, तिनं स्पीकरवर लावला. वारा इतका होता की अर्धे शब्द उडून जात होते. पाऊस आडवा लागला, चेंडू कुठच्या कुठे गेले, पण पुलावर उभं राहून फोटो काढला तेव्हा रडू आलं, असं ते म्हणाले. मग म्हणाले, अठराव्या पट्ट्यावर आम्हाला थांबवलं, एक आजीबाई लहान मुलाची गाडी ढकलत आरामात रस्ता ओलांडत होत्या. कॅडीला विचारलं तर म्हणाला, वाट त्यांची आहे, थांबा. हे सांगताना त्यांच्या आवाजात जे नवल होतं ते मला फार आवडलं.

"मोठे बाबा, तुम्ही चला एकदा," पुतणी म्हणाली. "रविवारी गेलं की फी पण नाही. फक्त विमानाचं तिकीट." मला जायचं आहे. खोटं कशाला बोलू? त्या गवतावरून अनवाणी चालायचं आहे, खालची वाळू पायाला लागते का ते बघायचं आहे.

पण त्याआधी गावातलं एक काम होतं. आमच्या ई-क्लासावर सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी पडीक जमिनींवर असे प्रकल्प होत आहेत, आणि शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा त्याचा हेतू आहे. रात्री दोनला ओलितासाठी शेतात जाऊन साप चावलेली माणसं आमच्या गावात आहेत, त्यामुळे मी प्रकल्पाला नको म्हणणार नाही. मला विचारायचं होतं ते एवढंच, की कुंपण कुठून कुठवर, आणि त्या कुंपणाच्या आत काय काय जाणार.

सेंट अँड्र्यूजचा तो १५५२ चा दस्त डोक्यात असल्यामुळे मी तालुक्याला अभिलेख कक्षात गेलो आणि आमच्या गावाचा वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या हक्कांची नोंद, मागितला. विदर्भातल्या गावांचे हे जुने हक्क महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्येही धरलेले आहेत. निस्तारपत्रक, म्हणजे पडीक जमीन गावानं कशी वापरायची त्याची नोंद, आणि वाजिब-उल-अर्ज या दोन्ही गोष्टी त्यात आहेत, पण हल्ली ते कोणी मागत नाही. कारकुनानं धूळ झटकून रजिस्टर काढलं, पानं कडेला पिवळी पडलेली, शाई तपकिरी. त्यात नावं घेऊन लिहिलेलं होतं. ढोरांची नाल्याकडे पाण्याला जायची वाट. पोळ्याची जागा. मेलेली जनावरं टाकायची जागा. मसणवट्याचा रस्ता. खळ्याची जागा. फिरस्त्यांच्या पालांना दोन आंब्यांजवळची जागा. त्यातला एक आंबा अजून उभा आहे.

मी त्या पानाची नक्कल काढली. पुतणीनं गुगलच्या नकाशावर त्या सगळ्या वाटा रंगवून दिल्या, आणि नाल्याकडची वाट नेमकी कुठून वळते ते बाबांनी जागेवर चालून दाखवलं, कारण झुडपांत ती आता दिसत नाही. प्रकल्पासाठी टेकडीकडचा उजाड भाग द्यावा, नाल्याची वाट तीस फूट मोकळी सोडावी, पोळ्याची जागा आणि आंब्याभोवतीची जागा कुंपणाबाहेर ठेवावी, मुरमाचा खड्डा बुजवून द्यावा, एवढं अर्जात लिहिलं. ग्रामसभेत काही जण म्हणाले, ढोरं आता राहिली किती? बाबा उठले आणि त्यांनी घरोघरची ढोरं नाव घेऊन मोजून दाखवली, कोणाची गाय गाभण आहे तेही सांगितलं. मग फारसं कोणी बोललं नाही.

अर्जावर चाळीसच्या वर सह्या झाल्या, त्यात बायकांच्या जास्त. ग्रामसेवकानं तो ठरावाला जोडून घेतला आणि पोच दिली. जमिनीची मोजणी दिवाळीनंतर आहे. मोजणीदार आले की नाल्याची वाट दाखवायला बाबा आणि पुतणी दोघंही जाणार आहेत.